अब्बांची फियाट आणि कुंभार्ली घाट

जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटले की घरातला प्रत्येक जण आधी रंगाचे नाव घेतो. आमच्याकडेही तेच झाले. मुलांना गाडी लाल हवी होती, घरच्या मंडळींना सीटची नवी कव्हरे हवी होती, आणि मामूंनी फोनवरून कळवले की बंपरला क्रोम चढवणारा एक माणूस मिरजेत त्यांच्या ओळखीचा आहे. गाडी सुरू होईल का, हे सगळ्यांनी विचारले. ती थांबेल का, हे कोणी विचारले नाही.

ते बघितले गॅरेजवाल्या उस्तादांनी. शेडमध्ये आले तेव्हा त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. ड्रायव्हरच्या बाजूचे दार कसेबसे ओढून उघडले, आत बसले आणि ब्रेकच्या पायडलावर पाय ठेवला. पायडल सरळ तळाला गेले आणि तिथेच राहिले. "इंजन तो चल जाएगा, मास्टरसाब," उस्ताद म्हणाले, "चलने से कोई नहीं मरता."

गाडी म्हणजे १९७८ ची प्रीमिअर पद्मिनी. घरात तिला पद्मिनी कोणी म्हणत नाही, फियाटच म्हणतात, आणि त्यात खोटे काही नाही. मूळ बनावट इटलीच्या फियाट ११०० ची. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होऊ लागली, सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले आणि २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे ती सगळ्यांना माहीत आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मधली होती, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून उतरली. १०८९ सीसीचे इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, चारही चाकांना ड्रमचे ब्रेक.

अब्बांनी ती १९९१ मध्ये एका डॉक्टरांकडून जुनीच घेतली होती. कराडहून चिपळूणला आपाची रुखसती झाली ती याच गाडीतून. मरहूम अब्बा २०१६ मध्ये गेले आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली.

आता ती कोणाची, हा खरा प्रश्न होता. घराचा, शेताच्या तुकड्याचा आणि बँकेतल्या रकमेचा हिशोब त्याच वर्षी शरीअतप्रमाणे झाला होता. गाडीचा हिस्सा तेवढा बाकी ठेवला होता, कारण तिची किंमतच ठरत नव्हती. गेल्या हिवाळ्यात भंगारवाल्याने पंचवीस हजार सांगितले आणि किंमत ठरली. वारस पाच. अम्मी, आम्ही दोघे भाऊ, चिपळूणची आपा आणि सोलापूरची धाकटी बहीण. अम्मीचा आठवा हिस्सा, उरलेल्यात भावांना दोन-दोन आणि बहिणींना एक-एक. अठ्ठेचाळीस भाग केले तर अम्मीचे सहा, आमचे चौदा-चौदा, बहिणींचे सात-सात. हिशोब अवघड नाही. बहुतेक घरांत तो मांडलाच जात नाही, ही गोष्ट वेगळी. गाडी भावांच्या दारात उभी असते म्हणून ती भावांचीच, असे सगळेच धरून चालतात आणि बहिणी संकोचाने बोलत नाहीत.

आम्ही दोघींना फोन केला. धाकटी म्हणाली, तुम्ही ठरवाल ते. आपाने दोन दिवस काहीच उत्तर दिले नाही. मग म्हणाली, "विकायची तर विका, माझी ना नाही. पण विकायच्या आधी एकदा चिपळूणला आणा. मला बसायचंय." फोन स्पीकरवर होता. अम्मी पलंगावरून म्हणाल्या, "मग मी पण येणार त्याच गाडीतनं. एसटीत माझे गुडघे राहत नाहीत."

झाले! आता ही हौसेची दुरुस्ती राहिली नाही. कराडहून चिपळूणला जायचे म्हणजे पाटण, कोयनानगर, हेळवाक आणि मग कुंभार्ली घाट. जाताना उतार, येताना चढ. उतरताना ब्रेकची परीक्षा आणि चढताना इंजिनाच्या पाण्याची. रिकामी गाडी नऊशे किलोच्या आसपास, त्यात पाच माणसे आणि सामान म्हणजे सव्वा टन. पुढच्या सीटवर सत्तरी ओलांडलेली आई. रंगाचा विषय तिथेच बंद झाला. उंट आधी बांधा आणि मग तवक्कुल करा, ही शिकवण आपल्या मुलांनाही पाठ असते. उंटाच्या जागी गाडी आली की मात्र आपण आरशाला तसबीह लटकवतो आणि टायरकडे बघतही नाही.

काम रमजानमध्ये सुरू झाले. उस्ताद दिवसा गॅरेज बंद ठेवत आणि तरावीहनंतर उघडत. त्यामुळे शाळा सांभाळून आम्हालाही रोज दोन तास मिळाले.

या गाडीचा ब्रेक समजायला सोपा आहे. आठवी-नववीच्या विज्ञानात पास्कलचा नियम असतो, तोच इथे चालतो. पायडल दाबले की मास्टर सिलेंडरमधला दट्ट्या पुढे सरकतो, नळ्यांतल्या द्रवाला दाब बसतो आणि तो दाब चारही चाकांपर्यंत पोचतो. तिथले छोटे सिलेंडर ब्रेक शू बाहेर ढकलतात आणि शू ड्रमला आतून घासतात. आजच्या गाड्यांत ही व्यवस्था दोन भागांत विभागलेली असते. एक भाग गेला तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. आमच्या गाडीत सगळे एकाच लाइनवर. कुठेही एक नळी फुटली, एक रबर निसटले, की चारही चाकांचा ब्रेक गेला. म्हणून "हे चालेल, ते बदलू" असा निवाडा इथे करता येत नाही.

आम्ही भाषेचे शिक्षक, त्यामुळे एक गोष्ट खटकली ती सांगतो. या द्रवाला सगळीकडे 'ब्रेक ऑइल' म्हणतात, आणि ते ऑइल नाही. इंजिनात घालतात ते खनिज तेल ब्रेकमध्ये गेले तर आतली रबरे फुगतात आणि सगळी यंत्रणा निकामी होते. नावात 'ऑइल' असल्यामुळे अडाणी नसलेली माणसेही ही गफलत करतात. उस्तादांच्या तोंडी वॉशरचा 'वायसर' होतो आणि रेडिएटरचा 'रेडीटर'. त्याने कोणाचे काही बिघडत नाही. हे एक नाव मात्र खरोखर धोक्याचे आहे.

या द्रवाचा दुसरा स्वभाव म्हणजे तो हवेतली ओल ओढून घेतो. बाजारात मिळणारा डॉट ३ प्रतीचा ताजा द्रव किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पाणी मिसळत गेले की हीच मर्यादा १४० पर्यंत खाली येते. घाटात सारखा पाय ब्रेकवर असला की ड्रम तापतात, ती उष्णता सिलेंडरपर्यंत पोचते आणि पाणी मुरलेला द्रव उकळून त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय पूर्ण खाली जातो आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही. 'घाटात ब्रेक फेल' म्हणतात त्यामागे पुष्कळदा हेच असते, आणि थोडा वेळ गाडी थंड झाली की तेच ब्रेक पुन्हा लागतात, म्हणून कोणाचा विश्वास बसत नाही. आमच्या डबीत जो द्रव होता तो काळ्या चहाच्या रंगाचा होता आणि तळाला गाळ होता. मास्टर सिलेंडर उघडला तर आतल्या भिंतीवर गंजाचे खड्डे. तेच पाणी आतून नऊ वर्षे काम करत होते.

उस्तादांच्या पोराने पॉलिश पेपर आणला. उस्तादांनी तो त्याच्या हातातून घेऊन खिशात घातला. खड्डे वरवर घासले की सिलेंडर चकचकीत दिसतो, नवा रबरी कप घातला की आठवडाभर धरतोही. मग त्याच खड्ड्यावर कप कापला जातो. मास्टर सिलेंडर नवा घ्यायचे ठरले, आणि चाकांचे सिलेंडरही.

या गाड्या इतक्या बनल्या की सुटे भाग अजून मिळतात. आम्ही एका रविवारी मुंबईला जाऊन कुर्ल्याची सीएसटी रोड पालथी घातली आणि नंतर चोर बाजारही. चोर बाजारात एका दुकानात जुन्या, न उघडलेल्या खोक्यांतले ब्रेकचे रबरी किट मिळत होते. खोक्यावरचे छापील नाव बघूनच मन भरून आले. उस्तादांनी मात्र निघतानाच बजावले होते, लोखंड जुने मिळाले तर घ्या, रबर जुने घेऊ नका. रबर वापरले नाही तरी खोक्यात पडून कडक होते, बोटाने वाकवले की बारीक भेगा दिसतात. आम्ही वाकवून बघितले. दिसल्या. खोके तिथेच ठेवून नव्या बनावटीचे किट घेतले.

सगळ्यात फसवी वस्तू निघाली ती म्हणजे चाकाजवळची रबरी नळी, जिला होज म्हणतात. बाहेरून ती चांगली दिसत होती. उस्तादांनी ती मधोमध कापून दाखवली. आतले भोक फुगून सुईएवढे राहिले होते. अशा नळीतून पायाच्या जोरावर द्रव चाकाकडे जातो, पण पाय काढल्यावर परत येत नाही. म्हणजे ब्रेक लागतो आणि सुटत नाही, चाक धरून राहते, तापते. अशी नळी लोकांना सापडत नाही, कारण ती गळत नाही. लोखंडी नळ्यांपैकी मागच्या एक्सलवरची नळी गंजून पापुद्र्यासारखी झाली होती. तीही नवी वाकवून, टोके फुलवून बसवली.

ब्रेक शूवरच्या जुन्या अस्तराबद्दल सांगायलाच हवे. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे. त्याची धूळ फुप्फुसात गेली की पुढे वर्षानुवर्षांनी भयंकर आजार होतात. आपल्याकडे मिस्त्री ड्रम काढला की तोंडाने किंवा हवेच्या पाइपने फुंकर मारून साफ करतात. आम्ही उस्तादांना विनंती केली आणि त्यांनी ऐकली. ओल्या फडक्याने पुसून ती फडकी पिशवीत बांधून टाकली, मुलांना त्या रात्री गॅरेजमध्ये येऊ दिले नाही. तुमच्या घरात कोणी हे काम करत असेल तर त्यांना एवढे जरूर सांगा.

शूला नवे अस्तर चढवले, ड्रम लेथवर फिरवून आतून एकसारखे केले. आमच्या भाच्याने मध्येच डिस्क ब्रेक बसवायची सूचना केली, त्याने मोबाइलवर कोणाची तरी गाडी बघितली होती. उस्ताद म्हणाले, मग चाकेही बदलावी लागतील, मास्टरही, आणि शेवटी ती तुमच्या अब्बांची गाडी राहणार नाही. आम्हालाही पटले. नीट बसवलेले ड्रम पुरेसे असतात, घाटात गिअर वापरायची अक्कल हवी.

हवा काढायचे काम सत्ताविसाव्या रात्रीच्या आदल्या दिवशी झाले. नळ्यांत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पायडल स्पंजसारखे लागते. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे मागचे डावे. आमच्यातला एक जण पायडलवर, दुसरा बाटली आणि पारदर्शक नळी धरून चाकाशी. "दबाव... पकडो... छोडो." दाबून धरायचे, मग खाली स्क्रू ढिला करायचा, बुडबुडे बाटलीत येतात, स्क्रू आवळायचा, मगच पाय सोडायचा. वरच्या डबीतला द्रव कमी होऊ द्यायचा नाही, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. चार चाकांना दीड तास लागला. शेवटी उस्ताद आत बसले, पायडल दाबले. ते अर्ध्याच्याही वर थांबले आणि दगडासारखे उभे राहिले. उस्ताद काही बोलले नाहीत. घड्याळ बघून सहरीला घरी गेले.

पाण्याचे काम त्यामानाने लवकर झाले, पण तिथे उस्तादांशी आमचा वाद झाला.

बोअरच्या पाण्याने घरात नळाच्या तोटीवर आणि पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसतो. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. या गाडीत अब्बांनी आणि त्यांच्याआधी डॉक्टरसाहेबांनी कायम साधे पाणी घातले, तेव्हा सगळेच घालत. रेडिएटरवाल्याने वरून बादली ओतली तर खालून पाणी बोटाएवढ्या धारेने आले. यायला हवे होते धबाधबा. बरे एवढेच की हे रेडिएटर तांब्या-पितळेचे. डाख वितळवून वरची टाकी काढता येते, नळ्यांतून सळई फिरवता येते आणि पुन्हा झाळता येते. आजच्या प्लॅस्टिकच्या टाकीवाल्या रेडिएटरचे असे काही करता येत नाही. इंजिनाच्या ब्लॉकला मागे पाणी सोडायची तोटी असते, ती उघडली तर काहीच आले नाही. तारेने खरवडल्यावर हौद साफ करताना निघतो तसा लाल गाळ निघाला, जवळजवळ दोन वाट्या. ब्लॉकवरची पत्र्याची बुचे आतून कुजली होती, ती बदलली. मिस्त्री ज्याला 'वॉटर बॉडी' म्हणतात तो पाण्याचा पंप खोलून बेअरिंग आणि सील नवे घातले.

एवढी काळजी का, तर या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे आहे. तापल्यावर ॲल्युमिनियम जास्त पसरते. इंजिन एकदा जोरात तापले की हेड वाकते, गॅसकेट जाते, आणि मग ब्रेक-रंग-सीट सगळ्यांचे पैसे मिळून तिथे जातात.

वाद झाला तो थर्मोस्टॅटवरून. आमच्या गाडीत तो नव्हताच, कोणीतरी फार पूर्वी काढून टाकला होता. उस्ताद म्हणाले, आपल्या गरम मुलखात त्याची जरूर नाही, बंद अवस्थेत अडकला तर घाटात गाडी उकळेल. आपल्याकडचे निम्मे मिस्त्री हेच सांगतात. आम्हाला ते पटले नाही. थर्मोस्टॅट गाडी गार करत नाही की गरम करत नाही. इंजिन योग्य तापमानावर येईपर्यंत पाण्याची वाट बंद ठेवतो आणि मग उघडतो. तो नसला की सकाळी इंजिन बराच वेळ थंडच चालते, पेट्रोल जास्त पिते आणि आतून झिजते. उस्तादांची भीतीही खोटी नव्हती. म्हणून नवा आणून घरी तपासला. शाळेच्या प्रयोगशाळेतून थर्मामीटर आणले, अम्मींच्या स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी ठेवून थर्मोस्टॅट दोऱ्याने त्यात सोडला. ऐंशीच्या पुढे काटा गेला तसा तो हळूच उघडला, गॅस बंद केल्यावर मिटला. तीनदा केले, तीनदा तसेच झाले. अम्मी म्हणाल्या, "एवढं बघून तर आम्ही सून पण आणली नाही." उस्तादांनी तो बसवला, पण "आपकी जिम्मेदारी" असे दोनदा म्हणून.

पाण्याऐवजी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर भरले. कूलंट हिरवे, चवीला गोड आणि विषारी असते. लहान मुले आणि मांजरे यांच्यापासून ते दूरच हवे. रेडिएटरचे झाकण नवे घेतले. हे झाकण म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टी समजा. आत दाब धरून ठेवल्यामुळे पाणी शंभर अंशांना उकळत नाही, आणखी तापले तरी द्रवच राहते. झाकणाचे रबर किंवा स्प्रिंग गेली की हा फायदा जातो, आणि लोक दोष रेडिएटरला देतात. तापलेल्या गाडीचे झाकण उघडू नये हेही त्याचमुळे. दाब सुटला की सगळे पाणी एकदम उसळते आणि तोंड-हात भाजतात.

कागदपत्रांच्या नूतनीकरणाची कथा इथे सांगत नाही, त्याला वेगळा लेख लागेल. तपासणीत ब्रेक पास झाले, एवढे पुरे.

ईदनंतर एका पहाटे फज्रची नमाज पढून आम्ही दोघे आणि उस्ताद निघालो. घरातले कोणी बरोबर घेतले नाही. मागच्या सीटवर माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती घातली होती आणि उस्ताद त्या पोत्यांशेजारी अंग चोरून बसले होते. घाटाच्या तोंडाशी दुसरा गिअर टाकला आणि तो खालपर्यंत काढला नाही. इंजिनच गाडीला मागे ओढून धरते, ब्रेक फक्त वळणावर लागतो. मागून ट्रक हॉर्न मारत होते. मध्यावर थांबून चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू नेऊन बघितली. तीन चाके कोमट, पुढचे उजवे बरेच गरम. नवे अस्तर बसताना शू जरा जास्त घट्ट लागला होता. उस्तादांनी तिथेच जॅक लावून तो थोडा सैल केला. खाली पोफळीला पुन्हा पाहिले, चारही सारखी.

चढताना तिसऱ्या-चौथ्या वळणावर तापमानाचा काटा वर सरकू लागला. उस्तादांनी मागून आमच्याकडे बघितले, म्हणजे थर्मोस्टॅट! गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडले, झाकणाला हात लावला नाही. रेडिएटरकडे जाणारी वरची नळी तापलेली होती, म्हणजे थर्मोस्टॅट उघडलेला होता आणि पाणी फिरत होते. मग हवा कमी पडत असणार. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबला तर तो वीतभर खाली गेला. नवा पट्टा पहिल्या काही तासांत ताणून सैल होतोच. अर्ध्या तासाने इंजिन निवल्यावर तो ताणून बोल्ट आवळले. त्यानंतर कोयनानगरपर्यंत काटा मध्यावरून हलला नाही. थर्मोस्टॅटबद्दल उस्ताद एक शब्द बोलले नाहीत. मात्र परवा त्यांच्या गॅरेजमध्ये दुसऱ्या एका फियाटचे काम चालले होते, तिथे बाकावर नवा थर्मोस्टॅट ठेवलेला आम्ही पाहिला.

मेच्या सुट्टीत अम्मींना घेऊन निघालो. पुढच्या सीटवर त्या, मागे मुले. सफरची दुआ मुलांनी म्हटली. घाटात एका वळणावर, जिथे थोडी रुंद जागा आहे, अम्मी म्हणाल्या, "इथं थांबवा." आम्हाला वाटले गुडघे अवघडले. "नाही, तुमचे अब्बा इथं थांबायचे. प्रत्येक वेळी. मी म्हणायची, उतारावर कशाला थांबता, गाडी तर आपोआप चाललीय. ते म्हणायचे, तिला दम घेऊ दे." आम्ही खाली उतरून चाकांजवळ हात नेला. कोमट होती. थर्मासमधला चहा प्यालो आणि पुढे गेलो.

आपा दारातच उभी होती. सलाम-दुआ झाली, ती अम्मींना धरून आत घेऊन गेली, पाणी दिले. मग एकटीच बाहेर आली आणि मागच्या डाव्या सीटवर जाऊन बसली, दार ओढून घेतले. दहा मिनिटे तिला कोणी हाक मारली नाही.

रात्री जेवणानंतर तिने हिशोब विचारला. ब्रेक आणि पाणी मिळून तेहेतीस हजार सहाशे झाले होते. हे आम्ही दोघांनी करायचे ठरवले होते, तसे तिला सांगितले. ती ऐकेना. "विकली असती तर पंचवीस हजारातले माझे सात भाग तुम्ही दिले असते ना? मग खर्चातले सात का घेत नाही?" तिनेच कागदावर मांडले. अठ्ठेचाळीसने भागून सातशे, आपले सात म्हणजे चार हजार नऊशे. अम्मींचे चार हजार दोनशे निघाले तेव्हा अम्मी म्हणाल्या, माझ्याकडे बघू नका, मी थर्मोस्टॅटला गॅस दिलाय. धाकटीने फोनवर सांगितले की ती बकरी ईदला येईल तेव्हा देईल, तोपर्यंत तिच्या सात भागांतून कोणी हॉर्न वाजवू नये.

विकायचे काय, हे आम्ही निघताना विचारले. आपा म्हणाली, पावसाच्या तोंडावर गाडीला भाव येत नाही, दिवाळीनंतर बघू. पैशांचे पाकीट तिने आमच्या हातात दिले नाही, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले आणि कप्पा बंद केला.

घाट चढून रात्री कराडला पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी थंड असताना झाकण उघडून बघितले, कूलंट भरले होते तेवढेच होते. ब्रेकच्या डबीतही रेघेपर्यंत. आता वायपरची मोटर चालत नाही, आणि पाऊस दोन आठवड्यांवर आला आहे. उस्ताद म्हणतात, बकरी ईद होऊ द्या, मग बघू.